दुसरा डोळा

मुतगेकर सर म्हणाले, नाक काढू नको,
नाकापुढची हवा काढ.
तीन रविवार मी हवाच खोडत बसलो.

शहापुरात, मागाच्या खोलीत
गंगव्वा दाराकडं तोंड करून कांड्या भरते.
हात फिरतो, मान तसूभर हलत नाही.
असं मॉडेल सोडू नको, सर म्हणतात.

कपाळ सरळ उतरतं, मग एकदम खाच,
नाकपुडीवर चमकीचं रिकामं भोक,
वरचा ओठ जरा पुढं, खालचा रुसलेला.
कान मात्र दरवेळी माझ्याकडून पुढं सरकतो,
जणू तिला माझंच ऐकायचंय.
सर अंगठ्यानं पुसतात. मागं ने. अजून मागं.
डोक्याला मागची बाजू असते रे.

गळ्याखालच्या सावलीला जांभळा संपला,
तो सुताच्या रंगाच्या डब्यातून घेतला.

शेवटी कागद तिच्यापुढं धरला.
बराच वेळ बघितलं तिनं.
"इन्नोंद कण्ण एल्लि?"
दुसरा डोळा कुठाय.
पलीकडं आहे, मी म्हटलं, इथनं दिसत नाही.

ती हसली नाही. कांडी खाली ठेवली,
पदराला बोटं पुसली,
कागद उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर बोट टेकवून म्हणाली,
मग इकडं काढ की.