कॉन्ट्री

माणशी नव्वद युरो.
त्यात तिकीट धरून, बिअर सोडून.
ग्वेंडाने आधीच बजावलं होतं,
हिशेब माझा, कुरकुर तुमची.
बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा
तीन दिवस आमची बँक.

विमान पहाटे सहाचं,
कारण पहाटे सहाला कुणालाच जायचं नसतं.
सामान पाठपिशवीत मावेल तेवढंच.
मार्सिनने तीन स्वेटर अंगात घातले, चौथा कमरेला,
आणि लिव्हरपूलच्या तपासणीत त्याला असा घाम फुटला
की गणवेशातल्या बाईने त्याला बाजूला घेतलं.
स्वेटरामागून स्वेटर,
कांदा सोलावा तसा तो आमच्यासमोर
लहान लहान होत गेला.
आम्ही इतके हसलो की आमच्याही पिशव्या उघडल्या.

वेस्टपोर्टला आठ खाटांची खोली.
चार आमच्या, तीन सायकलवाल्या जर्मन मुलांच्या,
आणि आठव्या खाटेवर एक म्हातारा,
जो रात्रभर करवतीसारखा घोरला
आणि उजाडायच्या आत निघून गेला.
उशीवर सोड्याचा अर्धा पाव, कागदात बांधलेला,
वर पेन्सिलीने लिहिलेलं: घ्या.
ग्वेंडाने तो जमेच्या बाजूला मांडला.

भाड्याची गाडी ऊना चालवत होती.
पाट्या दोन भाषांत,
त्यातली वरची आम्हाला कुणालाच वाचता येईना.
मी फोन हातात धरून तयार,
पण ती विचारेचना.
चर्चपाशी डावीकडे, पंपावरून सरळ,
मग दगडी बांधांमधली अरुंद वाट,
जिच्या मधोमध गवत उगवलेलं
आणि गाडीच्या पोटाला खरखर घासणारं.
तू इथे आधी आलीयस?
नाही, म्हणाली.

घर पांढरं. छप्पर नवं.
दाराला किल्लीऐवजी आकड्यांची पेटी.
मोठ्या काचेमागे एक जोडपं, अंगात टॉवेलचे झगे,
हातात कॉफी.

रात्रीचे दोनशे साठ, ऊना म्हणाली,
आणि किमान दोन रात्री घ्याव्या लागतात.
वर्षभर बघतेय मी.
हिवाळ्यात थोडं उतरतं.

मग कुंपणाच्या भिंतीला टेकून, कुणाकडे न बघता:
आई सोळाची असताना इथून बोटीला गेली.
पुन्हा आली नाही.
आधी सुटी नव्हती, मग पैसे नव्हते,
मग गुडघे,
मग तीच नव्हती.

ग्वेंडाने काय करावं?
डबा उघडला आणि मोजायला बसली.
बावन्न युरो आणि चिल्लर.
नाणी वाजली तेवढीच.
मार्सिन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिला.

आतली बाई बाहेर आली, झगा सावरत,
चेहऱ्याने भली.
वाट चुकलात का?
हो, ऊना म्हणाली.

बाईने हात लांब करून समुद्राकडचा रस्ता दाखवला,
अगदी बरोबर दाखवला,
पुढे मेंढ्या आडव्या येतात हेही सांगितलं.
आम्ही आभार मानले.
आता तिकडे जाणं भागच होतं.

किनाऱ्यावर वारा असा की बोललेलं तोंडातच परत येई.
म्हाताऱ्याचा पाव चौघांत तोडला, टोमॅटो दाताने.
ऊना पाण्याकडे पाठ करून खात होती.
मार्सिनने कमरेचा स्वेटर सोडला आणि तिच्याकडे फेकला,
काही म्हणाला असेल, ऐकू आलं नाही.

परतताना विमानतळावर ग्वेंडाने वही काढली.
पेट्रोल एकवीस. दूध, अंडी. पार्किंग, जे टाळता आलं असतं.
रविवार दुपार: घर पाहिलं.
पुढे तिने लिहिलं, फुकट.
मग ते खोडलं.
पेन जरा वेळ तसंच धरून
तो रकाना रिकामा सोडला.
उरले सात युरो दहा सेंट, चौघांत भाग जाईना.

या वेळी तपासणीत मार्सिनच्या अंगात तीनच स्वेटर.
चौथा ऊनाच्या अंगात, बाह्या बोटांपर्यंत.
तिने परत द्यायचं नाव काढलं नाही,
त्याने मागितला नाही.
सोमवारी पहाटे पाचला बेकरीत पाळी, चौघांचीही.
तिथे भट्टीपाशी स्वेटर लागत नाही,
ती घालून आली.