कुठल्या घाटानं उतरायचं

सोमवारी उद्यमनगर बंद.
म्हणून रविवारी रात्री टपरीवर
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
जिनपाल चौगुलेनं कोल्हापूर काढलं : एक टिंब.
टिंबातून चार रेघा खाली सोडल्या,
आंबा, बावडा, फोंडा, आंबोली,
टोकाला समुद्र.
निळं पेन नव्हतं, म्हणून लाल.

लाटेवर उभं राहायचं तर समुद्र लागतो,
आणि आमच्याकडं समुद्राआधी घाट लागतो.
लोक किनारा निवडतात.
आम्ही घाट निवडतो, किनारा पदरात पडतो.

इम्तियाजचं मत आंबा.
आरे-वारेला रस्ता उंचावरनं जातो,
गाडीत बसूनच लाटा बघायच्या,
पसंत पडली तर उतरायचं, नाहीतर पुढं,
मुलगी बघायला गेल्यासारखं.
"आणि तिनंच नापसंत केलं तर?"
त्यानं चहा ढवळला. साखर आधीच विरघळली होती.

जिनपालला शिरोडा पाहिजे.
सुरूची सावली, तळाला नुसती वाळू,
पडलं तरी गादीवर.
पण लांब. आणि जिनपाल दिवस मावळल्यावर जेवत नाही,
म्हणजे येताना त्याच्या डब्यासाठी
सूर्य धरून ठेवायला लागतो.

मी बावडा म्हणालो. कारण सांगितलं नाही.
लहानपणी गगनगडावर आत्यानं बोट दाखवलं होतं,
तो बघ समुद्र.
मला नुसतं धुकं दिसलं.
मी हो म्हणालो.

पहाटे तीनला बोर्ड टपावर बांधला,
गोव्यात कुणी सोडून गेलेला, निम्म्या किमतीचा,
खालचा पंख तुटका.
नवा पंख मीच ओतला, आमच्याच भट्टीत,
पंपाच्या पात्याचा साचा जरा तासून.
जड झालाय.
असळजला उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक,
अंधारात हलणारं अख्खं शिवार,
आणि त्यांच्यामागं आम्ही, समुद्राला निघालेले, पहिल्या गिअरमध्ये.

कुणकेश्वरच्या अलीकडं एक पुळण.
ऊन असं की डोळे मिटले तरी पिवळं.
आम्ही तिघं कमरेवर हात ठेवून
जाणत्यासारखे पाण्याकडं बघत होतो.
जाळं झटकणारी बाई म्हणाली,
"थंय जाव नकात, पाणी मागे व्हडता.
हयसर येवा, हयली लाट आळशी आसा."

आळशी लाट.
चार घाटांच्या भांडणात
हा शब्द कुणालाच सुचला नव्हता.

सतरा वेळा पडलो.
नाकात मीठ, गुडघ्याला साल नाही.
अठराव्यांदा उभा होतो.
इम्तियाज म्हणतो तीन सेकंद, जिनपाल म्हणतो दोन.
मला कुणी सांगितलं नव्हतं,
लाटेवर उभं राहिलं की समुद्र पाठीमागं असतो.
समोर माड, माडांच्या वर ऊन,
आणि उन्हाच्या पार मागं, निळसर,
आमचाच डोंगर.
वर कुणीतरी उभं असेल आत्ता,
पोराला बोट दाखवत.
मी हात वर केला
आणि पडलो.

मंगळवारी साचा भरताना
खिशातनं चिमूटभर वाळू सांडली,
काळ्या वाळूत पांढरी.
चाळायला पाहिजे होती.
ओतीव निघालं तर कडेला बारीक खड्डा.
फोरमननं त्यावर अंगठा फिरवला,
"हे कुठनं आलं रं?"
"बावड्यातनं," मी म्हणालो.
त्यानं खडूनं फुली मारली.