पत्ता

दारव्ह्याजवळ, टिनाच्या छपराचं प्रार्थनाघर.
नव्या पाळकांनी एकच ओळ वर काढली,
बायांनी सभेत बोलू नये अशी.
साक्षीला उठलेली सालोमीबाई
परत सतरंजीवर टेकली.

मागून एलियाकाका गायगोले खाकरले,
तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलेले.
‘पास्टर, पत्र हाये ना हे?
मंग पत्ता पाह्यला का?
कोन्या गावाले लिवलं, कायचा कल्ला होता तिथं?
मी लोकाइची पत्रं वाचून देत होतो.
“म्हैस मेली” वाचून थांबलो असतो
त “दुसरी घेतली” कोनं सांगतलं असतं?
मांगची पानं पाहा.
तिथं बायाच प्रार्थना करून रायल्या.’

पाळक पानं उलटत राहिले.
पातळ कागद, घामेजलं बोट.
तोवर सालोमीबाई उभी राहून
बकरीच्या अडलेल्या वेताचं
सांगायलाही लागली होती.