न्यूट्रल

शहाण्णवची पिकअप. दारावर अजून
आर्नेकाकाच्या नावाची अर्धी अक्षरं,
बाकीची हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्ली.
इंजिनाची मला काळजी नाही,
डिझेल खोकत खोकत म्हातारं होतं, मरत नाही.
मरतो तो गिअरबॉक्स, आणि तोही न बोलता:
तेल आधी लाल, मग विटकरी,
मग करपलेल्या पावाच्या वासाचं.

जुलैत रात्री अकराला हॅमिल्टनहून निघाले.
मागे ट्रेलरवर बत्तीस पेट्या, तोंडांना जाळ्या ठोकलेल्या.
खाली खोऱ्यात माश्यांना काही उरलं नव्हतं
आणि वर, परवाच्या वणव्यात जळलेल्या उतारावर,
फायरवीड फुललं होतं म्हणे.

लॉस्ट ट्रेलचा घाट.
काटा एकशे ऐंशी. दोनशे दहा.
वळणावर वेग पडला की कन्व्हर्टरचं लॉक सुटायचं
आणि तेल तेलालाच घुसळत राहायचं,
रवी फिरते तसं,
फक्त वर लोणी नाही, नुसती आग.
दोनशे चाळीस.
दोनशे साठ.

थांबले. दमलेला माणूस करतो तेच केलं:
दांडी पार्कमध्ये, कपाळ स्टिअरिंगवर.
काटा हलेना.
आणि मागून सुरू झाला तो आवाज.
गाडी चालत होती तोवर जाळीतून वारा होता,
थांबल्याबरोबर बत्तीस घरांनी
आपापले पंख कामाला लावले.
गुणगुण नव्हे हो ती. पाठीच्या कण्यात ऐकू येते ती.
अर्ध्या तासात मेण मऊ पडेल,
पोळी बसतील एकमेकांवर.

फोनला एकच रेघ. वेंडेलला उठवलं.
"पार्कात आहेस ना?" झोपेतच विचारलं त्याने.
"पार्कात पंप कूलरला थेंब देत नाही, मार्गीट.
तेल जागच्या जागी उकळतंय.
चाकांना दगड लाव, हँडब्रेक ओढ,
न्यूट्रलला टाक आणि हजार-बाराशेवर फिरू दे.
आणि पेट्यांवर पाणी मार."

दगड शोधले अंधारात, गुडघ्यांनी.
प्यायचं पाणी मारलं, मग बर्फाच्या पेटीतलं,
मग थर्मासमधला गार चहासुद्धा.
इंजिन गुरगुरतंय, गाडी कुठेच जात नाही,
आणि काटा उतरतोय.
मला आजवर वाटायचं, थांबलं की निवतं.

ऑक्टोबरात वेंडेलच्या गोठ्यात पॅन उतरवला.
चुंबकावर राखाडी गाळ, काजळासारखा,
बोटाने पुसून त्याने नाकाशी नेला:
"अजून एक घाट, आणि संपलं होतं."
मग रेडिएटरपुढचा जुना कूलर, वहीएवढा,
त्याच्या पात्यांत पेंढा, पतंगांची भुकटी,
आणि पंख. पारदर्शक, शिरांचे, शेकडो.
माझ्याच होत्या त्यांतल्या कितीतरी.
काही न बोलता ब्रशने झाडल्या.

नळीतून त्याने एक झडप काढली,
स्प्रिंग आणि हरभऱ्याएवढी गोळी,
माझ्या तळहातावर ठेवली:
"ही अडकली की सगळं अडकतं."
नवा कूलर थाळ्यांच्या थरांचा, जाड, विजेच्या पंख्याचा.
रबराच्या नळ्या बदलल्या, जुन्या मोडल्या तर कडकन आवाज.
तळाला बूच असलेला खोल पॅन.
काट्याचा सेन्सर आता गरम नळीतच,
म्हणजे खोटं बोलायला जागा नाही.
पैसे घेईना. मध मागितला,
फायरवीडचा, पाण्यासारखा फिका असतो तो.

यंदा त्याच वळणावर मुद्दाम थांबले.
दगड लावले. न्यूट्रल.
पुढे कूलरचा पंखा सुरू झाला,
मागे त्यांचे.
मधे मी, हातात टॉर्च.
तेल तपासायचं तेही न्यूट्रलमध्येच, इंजिन चालू ठेवून.
पट्टी ओढली, फडक्याला पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा ओढली, वास घेतला.

कशाचाच आला नाही.