चिलवेरींची वही

मल्लेशम चिलवेरी दाजी पेठेतून सायकल ढकलत आले,
पिशवीत चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली वही.
"धाकट्याची. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा.
तुम्हाला वाचता येतं म्हणे हे."

येतं की.
विशारद आहे मी, काचेमागं सर्टिफिकेट आहे.
अक्षराखाली आडवी रेघ, कोमल.
डोक्यावर उभी, तीव्र.
पेटी पुढं ओढली आणि वाचत गेले,
नि रे ग, म ध, नि ध म, ग रे सा,
एक मात्रा सांडली नाही.

ते पंख्याकडे बघत राहिले.
खालच्या मागांची खटखट जिन्यानं वर येत होती.
"सूर त्याचेच," म्हणाले, "पण हा तो नाही."

परत वाचलं. सावकाश.

"तुम्ही सारख्या घरी जाताय, बाई.
तो दारापर्यंत यायचा, चप्पल काढायचा नाही.
सेकंड शिफ्टचा माणूस असतो ना, तसा.
इथं बसायचा. इथं."
आणि त्यांचं राठ बोट
नाव माहीत नसलेल्या काळ्या पट्टीवर टेकलं.

कोमल रिषभ.

मारवा होता तो. मी पूरिया वाजवत होते.
सूर तेच सहा, कागदावर जुळे भाऊ.
'दोहोंतील फरक लिहा', दहा गुणांना आला होता;
दीड पान लिहिलं होतं मी,
दहापैकी नऊ.

"चाळीस वर्षं जकार्डची कार्डं पाडली," ते म्हणाले,
"आलेखावरचा मोर चौकट चौकट मोजायचा, भोक पाडायचं.
माग कार्ड वाचतो. एक भोक चुकवत नाही.
पण मोर कुठं बघितलाय त्यानं?"
टोमणा नव्हता.
मला लागला.

चहा झाला. उठतील वाटलं, तर वही सरकवून म्हणाले,
"आता मला शिकवा. ही रेघ, हे टिंब."
तुम्हाला कशाला, मामा? तुम्हाला तर सगळं—
"हे एकच पान ऐकलेलं आहे.
पुढची एकतीस, मी भिवंडीला होतो तेव्हाची."

मी पेन्सिल दिली.
दुसऱ्या पानावर पहिलंच अक्षर ध, आणि त्यापुढं
लांबलचक रिकामी जागा.
ते बोटानं ती जागा मोजू लागले.
खाली माग बंद झाले होते, जेवणाची सुट्टी.