उजवा गप्प आहे

सकाळी टेबलावर आधी निर्जीवाला झोपवतो.
फँटम म्हणतात त्याला : प्लास्टिकची एक पट्टी,
पोटात चार कांड्या,
प्रत्येकीत मोजूनमापून भरलेला हाडाचा चुना.
जे कधी उकिडवं बसलं नाही, जिना उतरलं नाही,
त्याच्यावरून आम्ही माणसांचे गुडघे मोजतो.
यंत्र खरं बोलतंय अशी खात्री पटली, की दार उघडून हाक :
बर्री, या, कूड्री, बसा.

हौसाक्का चेंडके, निपाणी.
वय चौसष्ट, जन्म एक जानेवारी,
आधार कार्डावर तिच्या अर्ध्या वखारीचा तोच.
पदराच्या गाठीत बसचं तिकीट, रक्कम शून्य.
"हितं फुकाट," ती सांगते, "आनि कागलला लेकीकडं निगालो
की दूधगंगा वलांडल्यावर मी हाफ तिकीट.
बारकं पोरगंच की."

फॉर्म कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत.
दुखणं कुठे लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

सगळे गादीबद्दल बोलतात,
गुडघ्यातली गादी झिजली, गादी गेली.
आम्ही गादीखालची बाज बघतो.
गात कुठे जाड झालंय, सुंभ कुठे ढिला पडलाय,
कुठला कोपरा भार घेऊन घेऊन
घट्ट, पांढरा, आडमुठा झालाय.
दर घन सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम,
हाडाचा आकार निरोगी आकारापासून किती सरकला.
सगळ्याला आकडा आहे.

"हलू नका हं."
"हालत न्हाई. बत्तीस वर्सं न हालताच बसलोय."

पडद्यावर तिचा उजवा गुडघा उगवला.
कडा पसरलेल्या, मुरूम टाकल्यासारख्या,
आतली फळी दगड.
आकडा आमच्या तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात.
मग डावा.
वयाच्या मानाने चांगला, म्हणजे जवळजवळ नीट.

"अक्का, उजवा फार दुखत असेल."
"उजवा? छ्या. डावा."

मी बाजू तपासली, खूण तपासली.
नाव पुन्हा वाचलं.
बाजू बरोबर होती.

"शून्य ते दहा, डावा किती दुखतो?"
"धा म्हंजी किती?"
"सहनच होत नाही इतकं."
"मग धा कदीच न्हाई. सोसलं की समदं."
थोडं थांबून, बाजारात भाव तोडावा तशी :
"सात लिव."
"आणि उजवा?"

ती टेबलावरून पाय खाली सोडून बसली होती.
उजव्यावर हात ठेवला तिने,
परक्याच्या पोरावर ठेवावा तसा, जपून.
"वखारीत वळीनं बसायचो आमी,
चाळन हातात, तोंडाला फडकं.
मुकादमाची खुर्ची ह्या अंगाला.
डावा जरा लांब केला तर त्येला दिसायचं न्हाई.
उजवा हालला की बोलनी.
सवयच लागली बग त्येला.
ह्यो गप्पच ऱ्हातो."

डॉक्टरांना विचारलं असतं तर म्हणाले असते,
होतं असं, पुष्कळदा होतं,
चित्र आणि कळ एका गावची नसतात.
त्यावरच तर हा सगळा अभ्यास.
मी ऐकून आहे, मला पटतंही.
तरी माझा हात आकड्यावर थांबून राहिला
आणि बाहेर चौदा नंबरवाला खोकत होता.

ती चप्पल शोधत होती पायाने, डाव्याने.
"व्हय रं, त्या फोटूत तंबाकूची धूळ दिसती का?"
"नाही अक्का. फक्त हाड."
"आनि मुकादम?"
हसली. मला हसू आलं ते उशिरा, तिची पाठ वळल्यावर.

रॅम्प आहे तिकडून जा, म्हणालो.
ती पायऱ्यांनीच गेली, कठड्याला धरून,
पायरीपायरीला आधी डावा, मग उजवा.
अकरा पायऱ्या. मी मोजल्या, सवय आमचीही.
संकेश्वरकडची गाडी दोन दहाला.

शेऱ्याच्या चौकटीत तीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं : उजवा गप्प आहे.
मग खोडलं. त्या जागी लिहिलं : वेदना नाही.
मग तेही बघत बसलो.