कवडीची पोतडी

उजाडायच्या आधी मी खळ्यात जातो,
डालग्याखाली हात घालतो
आणि कवडीच्या गळ्याखाली, जरा उजवीकडे,
दोन बोटांनी चाचपतो.
रात्रीचं पुढे सरकलं असेल तर तिथे काही लागत नाही,
नुसती कातडी, सैल, जुन्या मोज्यासारखी.
नसेल सरकलं तर लागतो गोळा,
आणि चोचीतून वास येतो
तीन दिवसांच्या पेजेचा.

आज आठवा दिवस. गोळाच.

चाळीस वर्षं मी निवतीच्या होड्यांची इंजिनं उघडली.
डिझेल कुठे अडतंय ते मला कानाने कळायचं.
नळी सोडवायची, तोंडाने फुंकायची,
गाळणी रॉकेलात भिजत टाकायची,
तोवर एक विडी.
हिला उघडता येत नाही.
हिला मांडीवर घ्यायची, पंचात गुंडाळून,
चोचीच्या कडेने खोबरेल, चार थेंब,
आणि मग चोळत राहायचं गोल गोल,
कणीक तिंबावी तसं, पण त्याहून पुष्कळ हळू.
नखांत अजून काळं ग्रीस आहे, ते काही जात नाही.
ती डोळे मिटते. पापणी खालून वर येते,
हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

परुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात
नोंदवहीत रकाने होते: गाय, बैल, म्हैस, शेळी.
कंपाउंडरने पेन थांबवलं,
मग 'इतर'मध्ये एक रेघ ओढली.
डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसल्या नाहीत.
म्हणाल्या, उलटी धरू नका, पाणी छातीत जाईल.
दाणे बंद. थोडं थोडं पातळ.
आणि वय झालंय, काका, हे धरून चाला.
हे त्यांनी कोणाकडे बघून म्हटलं
ते मी एस.टी.त बराच वेळ ठरवत होतो.

हिचे भाऊ राखणेला गेले,
बहिणी चाकरमान्यांच्या वड्यांसोबत.
ही राहिली ती खुडूक बसायची म्हणून,
कोणाचीही अंडी घाला,
एकदा तर बदकाची घातली होती;
पिल्लं व्हाळात उतरली तेव्हा
काठावर नुसती ओरडत धावली, वर खाली, वर खाली.
आता दोन वर्षं अंडं नाही.

कुंपणापलीकडून बावतीस विचारतो,
"मेल्या, कोंबयेक डॉक्टर?
आता कापलंस तरी शिजूक दोन दीस लागतले."
मी म्हणतो, लागूंदेत.
तो हसतो, आणि संध्याकाळी
वाटीभर दही कुंपणावरून देतो,
झाकण परत कर म्हणून दोनदा सांगतो.

वैजू बाजारातून आली,
मासळीची पाटी उतरवली, पाय धुतले,
उभी राहून माझे हात बघत होती.
"माज्या पोटार कधी असो हात फिरवलंस?"
म्हणाली आणि आत गेली.
तिच्या पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं
तेव्हा मी जेटीवर होतो,
कोणाच्या तरी इंजिनाचं हेड खोलून.
हंगाम होता. तसं मी तेव्हाही सांगितलं होतं.
आज सांगितलं नाही.
कवडीची पोतडी माझ्या बोटांखाली गुळगुळली,
काहीतरी सरकल्यासारखं,
किंवा मला तसं वाटलं.

रात्री तिला पडवीत घेतलं, मासे न्यायच्या क्रेटमध्ये,
खाली गोणपाट. समुद्र ऐकू येत होता.
तिच्या छातीतली घरघर त्याहून जवळची.
मध्येच ती थांबायची
आणि मी उठून बसायचो.

पहाटे हात घातला.
रिकामी.
सैल, ऊन ऊन, आत काहीच नाही.
आयुष्यभर मी टाकी भरली का बघत आलो,
जाळं भरलं का, पिंप भरलं का;
रिकामं लागलं म्हणून एवढा हरखलो नव्हतो कधी.
गोणपाटावर एक हिरवट, ओली शीट, वर पांढरं टोक.
बॅटरी लावून दोनदा बघितली.

आत जाऊन वैजूला सांगितलं.
ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.
डोळे न उघडता म्हणाली, "बरा झाला. चाय ठेव."
मग, मी वळल्यावर,
"आणि हात धू आधी."